शिखराच्या अलीकडून परत फिरलेल्या मैत्रिणीस

या वेळचं पत्र एका ४९ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं आहे. नाव छापू नका, असं तिनं लिहिलंय. पत्र मोठं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

'चाळिशी ओलांडल्यावर मी डोंगर चढायला लागले. आधी लहान, मग मोठे, आणि यंदा आफ्रिकेतला किलिमांजारो. वर असताना मी जशी असते तशी घरी कधीच नसते. अंग दुखतं, रात्री धड झोप लागत नाही, तरी सकाळी तंबूची चेन उघडली की मन भरून येतं. किलिमांजारोच्या शेवटच्या रात्री शिखर अगदी थोडं राहिलेलं असताना माझे पाय भलतीकडे पडायला लागले. डोकं फुटेल इतकं दुखत होतं. गाईडनं मला सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. मला ते जमलं नाही, आणि त्यानं मला तिथूनच खाली आणलं. त्या वेळी मला वाटत होतं, इथेच बसून राहावं. वरही नको आणि खालीही नको. त्या विचाराची मला आता भीती वाटते. परत येऊन सात आठवडे झाले. कशातच मन लागत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पाळीही अनियमित झाली आहे. घरच्यांवर चिडते. बरोबरच्या लोकांचे शिखरावरचे फोटो पाहिले की रडू येतं. बहीण म्हणते, तू घरापासून पळ काढतेस. रोज रात्री मी दक्षिण अमेरिकेतल्या आकोन्काग्वा पर्वताच्या मोहिमांची माहिती वाचत बसते. येत्या मोसमात नाव नोंदवावं असं वाटतंय. मला पर्वत खरंच आवडतात, की मी पळतेय? आणि जाऊ का? आणखी एक. माझी एकोणीस वर्षांची लेक म्हणते, मलाही एकदा ने. नेऊ का?'

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही विचारलंत पळ काढण्याबद्दल आणि आकोन्काग्वाबद्दल, पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो मधल्या एका वाक्यात. 'इथेच बसून राहावं.' पत्र हाती आलं त्याच दिवशी मी तुम्हाला त्याबद्दल दोन ओळी पाठवल्या होत्या. तेच इथे सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी आणखी कुणाला तरी ते लागू पडेल.

उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं, थकवा येणं, भूक न लागणं हा विरळ हवेचा नेहमीचा त्रास. २,५०० मीटरच्या वर तो कुणालाही होऊ शकतो आणि तिथेच थांबून विश्रांती घेतली तर बहुतेकांचा एक-दोन दिवसांत निवळतो. तोल जायला लागला की मात्र गोष्ट निराळी. असह्य डोकेदुखी, दारू प्यायल्यासारखी पावलं आणि जोडीला 'आता काहीच नको' अशी सुस्ती, हे सगळं एकत्र दिसलं की जाणता गाईड मेंदूला सूज येत असल्याची शंका घेतो आणि वाट पाहत बसत नाही. एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्या पावलाची टाच टेकवत सरळ चालायला लावतात ते हेच तपासायला. यावर पहिला आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं, तेही लगेच, अंधार असला तरी. उशीर केला तर माणूस काही तासांत बेशुद्ध पडतो आणि दगावूही शकतो. मी डॉक्टर नाही, आणि त्या रात्री तुमच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या माणसानं केलं ते बरोबर केलं, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही.

बसून राहावंसं वाटणं हा त्याच दुखण्याचा भाग असू शकतो. प्राणवायू कमी पडलेला, सूज येऊ लागलेला मेंदू माणसाला उदासीन करतो. थंडी कळत नाही, धोका कळत नाही, जगण्यासाठी धडपड करावी असंही वाटत नाही. तेव्हा त्या एका क्षणावरून स्वतःच्या स्वभावाचा निष्कर्ष काढू नका. 'मला आतून मरायचंच होतं की काय' असं कोडं घालून घेऊन पहाटे तीनला ते सोडवत बसू नका.

मात्र एक सरळ विचारते, तुम्हीही सरळ उत्तर द्या, मला नाही तर स्वतःला. तसा विचार खाली आल्यावर, घरी, स्वयंपाकघरात उभं असताना किंवा रस्ता ओलांडताना आला आहे का? 'नसलो तर बरं' असं वाटलं आहे का? आलं असेल उत्तर हो, तर हे पुढचं वाचायच्या आधी घरातल्या एका माणसाला सांगा आणि आजच्या आज डॉक्टरांना गाठा. यात धीर धरण्यासारखं काही नसतं.

उत्तर नाही असलं तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे. कशात मन न लागणं, चिडचिड, पहाटे लवकर जाग येणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर दाखवून घ्यावं, असं मानसोपचारातली माणसं सांगतात. तुमचे तर सात झाले. मोठ्या मोहिमेनंतर मरगळ येते हे खरं आहे. महिनोन्महिने एका तारखेकडे डोळे लावून बसलेलं मन ती तारीख उलटली की रिकामं होतं, आणि शिखर गाठून आलेल्यांचंही होतं. पण ती मरगळ हळूहळू उतरणीला लागते. तुमची तशी वाटत नाही. त्यातून तुमचं वय आणि अनियमित झालेली पाळी. रजोनिवृत्तीच्या अलीकडची ही काही वर्षं झोप मोडतात, मन हलकं-जड करतात, आणि त्यातून येणारी उदासी व नैराश्य यांचे चेहरे इतके सारखे असतात की आपलं आपल्याला ओळखता येत नाही. दोन्हींवर उपचार आहेत. सोसत राहण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

जाल तेव्हा रक्त तपासून घ्या, आणि नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिनही मागा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कळेल. त्यामागचं कारण असं: उंचीवर गेल्यावर काही तासांतच शरीर जास्त तांबड्या पेशी बनवायचा हुकूम सोडतं. त्या पेशींना लोह लागतं, आणि ते साठ्यातून उचललं जातं. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर बाईचा साठा आधीच तळाला गेलेला असतो. मग हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि बाई मात्र थकलेली, धाप लागलेली, वैतागलेली. थायरॉईड आणि ब-१२ याच फेरीत होऊन जातील. आणि किलिमांजारोवर तोल गेल्याची गोष्ट डॉक्टरांना सविस्तर सांगा. 'थोडा उंचीचा त्रास झाला' असं म्हणून ती दडपू नका.

आता अपयशाबद्दल. पत्रात तुम्ही हा शब्द लिहिलेला नाही, पण फोटो पाहून येणारं रडू तेच म्हणतंय.

किलिमांजारो ५,८९५ मीटरचा. तिथे नेहमीच्या वाटांनी दोर न लावता चालत शिखरापर्यंत जाता येतं, म्हणून लोक त्याला सोपा समजतात. शरीराच्या दृष्टीनं तो सोपा नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस जास्तीचा मुक्काम करावा, हा उंचीच्या वैद्यकातला सर्वमान्य नियम. तुम्ही कुठल्या वाटेनं गेलात ते लिहिलं नाहीत, पण मचामेची वर्दळीची वाट घ्या. पहिला मुक्काम २,८५० मीटरच्या आसपास, दुसरा थेट ३,८०० च्या आसपास. शेवटचा बराफू तळ सुमारे ४,६७० मीटरवर, आणि तिथून मध्यरात्री निघून सकाळपर्यंत बाराशे मीटर चढायचे. म्हणजे वेळापत्रकच नियम मोडून आखलेलं असतं, कारण लोकांना सुट्टी कमी असते. हे ज्यांना सोसतं त्यांना सोसतं. कुणाला सोसेल हे त्याच्या तयारीवरून सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आडवा पडतो आणि सावकाश चालणारी आजी हसत वर जाते, असं पर्वतावर नेहमी घडतं. तुमच्या पायांत, जिद्दीत किंवा वयात काही कमी होतं म्हणून तुम्ही परत आलेल्या नाहीत. तुमच्या शरीराला आणखी दोन-तीन रात्री हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत.

जपानच्या जुन्को ताबेईबद्दल तुम्ही वाचलंच असेल. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेली जगातली पहिली बाई. त्याच्या बाराच दिवस आधी हिमप्रपातात तिचा तंबू गाडला गेला होता आणि शेर्पांनी तिला ओढून बाहेर काढलं होतं. १९९२ मध्ये सातही खंडांची सर्वोच्च शिखरं पुरी करणारीही ती पहिली स्त्री. हे सगळे सांगतात. मला मात्र तिच्या आयुष्यातला शेवटचा उन्हाळा जास्त मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये तिला कॅन्सर झाल्याचं कळलं. उपचार घेत घेत ती डोंगरात जातच राहिली. जपानच्या ईशान्य भागात २०११ च्या त्सुनामीनं होत्याचं नव्हतं केलं होतं. तिथल्या शाळकरी मुलांना घेऊन ती फुजीवर जाऊ लागली. २०१६ च्या उन्हाळ्यातही गेली. त्या खेपेला तिच्यानं माथ्यापर्यंत जाववलं नाही. ती वाटेतच थांबली आणि मुलं पुढे वर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. फुजी ३,७७६ मीटरचा, म्हणजे एव्हरेस्टच्या निम्म्याहूनही कमी. त्या अर्धवट चढाईला कुणी तिचं अपयश म्हणेल का? मला तर तिच्या सगळ्या चढायांत ती सगळ्यांत श्रीमंत वाटते.

तुमच्या बहिणीकडे येते.

बाई डोंगरात गेली की 'कशापासून पळतेस' हा प्रश्न तिची वाट पाहतच असतो. ब्रिटनची ॲलिसन हारग्रीव्ह्ज मे १९९५ मध्ये कृत्रिम प्राणवायू न वापरता एव्हरेस्ट चढली आणि त्याच ऑगस्टमध्ये केटू शिखरावर गेली ती परत आली नाही. दोन लहान मुलांची आई असं करतेच कशी, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने लिहिले गेले. पर्वतावर प्राण गमावलेल्या बापांविषयी एवढं लिहिलेलं मला तरी आठवत नाही. त्यामुळे बहिणीचा शब्द मी जसाच्या तसा उचलणार नाही. पण ती तुम्हाला रोज पाहते, मी पाहत नाही. तिला काही तरी दिसलं असेल. तेव्हा तो प्रश्न टाकून न देता उघडून पाहू.

तुमच्या पत्रात एक विलक्षण गोष्ट आहे, आणि ती तुमच्या नजरेतून सुटली असावी. वर तुम्हाला बरं वाटतं, पण ते शरीराला सुख मिळाल्यामुळे नाही. झोप लागत नाही हे तुम्हीच लिहिलंय. लागणारही नाही. उंचीवर आपण जोरजोरात श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग झोपेत मेंदू काही सेकंद श्वास घ्यायची सूचनाच देत नाही आणि माणूस दचकून, धापा टाकत जागा होतो. रात्रभर हेच चालू. 'डोंगरातली शुद्ध हवा' म्हणावी तर ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही निम्माच. अंग दुखतंय, भूक मेलीय, थंडीनं बोटं वाकत नाहीत. तरीही तुम्ही सुखी! मग हे सुख उंचीनं दिलेलं नाही. दुसरंच काही तरी तिथे होतं, जे घरी नाही.

काय होतं ते शोधायचा मी प्रयत्न केला. मला सापडलं ते असं.

तिथे दिवसातून दोनदा कुणी तरी तुमच्यासमोर बसत होतं आणि विचारत होतं: डोकं दुखतंय का, किती दुखतंय, जेवण गेलं का, झोप लागली का, पाणी किती प्यालात. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहीत होतं. तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात तरी पुन्हा डोळ्यांत पाहून विचारत होतं, कारण उंचीवर सगळेच ठीक आहे म्हणतात. घरी तुम्हाला असं शेवटचं कुणी विचारलं होतं? आणि विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत?

दुसरं असं की तिथे तुमचं ओझं दुसऱ्यांच्या पाठीवर होतं, अगदी शब्दशः. किलिमांजारोवर एका चढणाऱ्यामागे साधारण तीन-चार माणसांचं पथक असतं. कुणी तंबू वाहतं, कुणी पाणी भरतं, कुणी स्वयंपाक करतं. तुम्ही मुक्कामाला पोचायच्या आधी तंबू उभा असतो आणि कुणी तरी गरम पेला हातात देतं. उद्या काय करायचं, किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, सगळं दुसरं कुणी तरी ठरवलेलं. तुमच्याकडे काम एकच, पाऊल पुढे टाकायचं. बारा महिने सगळ्यांचं बघणाऱ्या बाईच्या आयुष्यातले ते मोजके दिवस, जेव्हा तिचं कुणी तरी बघतं. मन भरून येणार नाही तर काय होईल?

या गोष्टीत एक टोचणारं सत्यही आहे आणि ते बोलून टाकलेलं बरं. आपला हलकेपणा तिथे कुणाच्या तरी घामावर उभा असतो. हमालानं वीस किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये असा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणं, त्यांना पुरेसे कपडे आणि मजुरी मिळते की नाही हे मोहीम निवडतानाच विचारणं आपलं काम आहे. हे तुम्ही करत असाल, तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. करत नसाल तर पुढच्या वेळी करा.

तर बहिणीला उत्तर काय द्यायचं? मला वाटतं, तुम्ही माणसांपासून पळत नाही आहात. ज्या व्यवस्थेत तुमची कधीच विचारपूस होत नाही, तिच्यातून काही दिवस बाहेर पडता आहात. डोंगरावरचं प्रेम खरं आहे, नाही तर अर्ध्या हवेत कुणी फिरकलं नसतं. पण त्या प्रेमावर तुम्ही औषधाचं कामही सोपवलंय, आणि ते त्याला झेपण्यासारखं नाही. औषध वर्षाकाठी दहा दिवसांचं असून चालत नाही. आणि एकदा शिखराला औषध मानलं की ते हुकल्यावर रोग बरा झाला नाही असं वाटू लागतं, डोस वाढवावासा वाटतो. रात्री जागून आकोन्काग्वाबद्दल वाचणं मला त्यातलंच दिसतं.

म्हणून घरात बदल हवा, आणि तो तुम्ही एकट्यानं करायचा नाही. बहिणीला, नवऱ्याला, लेकीला, जे कुणी असतील त्यांना एकदा समोर बसवून हे पत्र वाचून दाखवा. लाज वाटेल, तरी वाचा. मग नेमकी कामं सोपवा, 'जरा मदत करा' असं मोघम सांगू नका. आठवड्यातला एक दिवस असा ठरवा की त्या दिवशी काय शिजेल, कोण कुठे जाईल, काय आणायचं यातला एकही निर्णय तुमच्याकडे येणार नाही. पहिल्या एक-दोन वेळा घोटाळे होतील. होऊ देत. तुम्ही उठून निस्तरायला जाऊ नका. डोंगरावर तुम्ही पथकाच्या तंबूत जाऊन कालवणात मीठ घातलं नव्हतंत.

विचारपूसही घरी सुरू करता येते. सकाळी उठल्यावर वहीत दोन ओळी: झोप कशी झाली, कुठे दुखतंय, मन कसं आहे, पाळीची तारीख. हे डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेलच, पण खरा उपयोग वेगळा आहे. वर असताना शरीर जरा कुरकुरलं तरी तुम्ही ऐकता, कारण न ऐकणं धोक्याचं असतं. खाली ते ओरडत असलं तरी आपण 'चालायचंच' म्हणतो. आणि सकाळच्या उजेडात चाला, तासभर, कसलाही आकडा न मोजता. रोज जमलं नाही तर जमेल तेव्हा. डोंगरावर पहाटेपासून उजेडात असणं आणि दिवसभर चालणं याचा मनावर होणारा परिणाम सपाटीवरही बराचसा मिळतो. शिखरावरचे ते फोटो सध्या पाहू नका. त्या लोकांशी मैत्री राहू दे, पण फोटोंचा तो गट काही महिने मुका करून ठेवा.

आता आकोन्काग्वा. येत्या मोसमात नको.

वयामुळे म्हणत नाही. जपानच्या तामाए वातानाबेनं ६३ व्या वर्षी एव्हरेस्ट चढून तेव्हाचा विक्रम केला आणि २०१२ मध्ये, ७३ व्या वर्षी, पुन्हा चढून स्वतःचाच विक्रम मोडला. तुमच्यापुढे भरपूर वर्षं आहेत, म्हणूनच घाई नको. आकोन्काग्वा ६,९६१ मीटरचा, आशियाबाहेरचा सगळ्यांत उंच पर्वत. नेहमीच्या वाटेवरचा शेवटचा तळच ५,९०० मीटरच्या वर असतो, म्हणजे तुम्ही जिथे पोचला नाहीत त्या शिखराहूनही उंच जागी झोपायचं, भयंकर वाऱ्यात. ज्याला एकदा उंचीवर तोल जाण्यापर्यंत त्रास झाला, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त धरून चालावं लागतं. उंचीच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय हा विषय काढायचाच नाही. पुढेमागे गेलात तर वेळापत्रक तुम्ही तपासायचं, दर मुक्कामाची उंची आधी मागून घ्यायची, आणि उंचीचा त्रास टाळायला देतात ते ॲसिटाझोलामाईड हे औषध घ्यायचं की नाही, किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. वर झोप यावी म्हणून झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. त्यांनी श्वास आणखी मंदावू शकतो.

आणखीही एक अट घालते. कुठल्याही मोहिमेचे पैसे रात्री दहानंतर भरायचे नाहीत. उदास रात्री घेतलेला निर्णय सकाळच्या चालण्यानंतरही तसाच वाटला, आणि असा महिनाभर वाटत राहिला, तर तो विचारात घेण्यासारखा.

मधल्या काळात डोंगर बंद करू नका. उंची कमी करा, दिवस वाढवा. तीन हजार मीटरच्या आतबाहेर आठवडाभर रमतगमत फिरता येतील अशा पर्वतरांगा जगात कितीतरी आहेत. तिथे रात्री झोपही लागते. तुम्ही आजवर प्रत्येक पर्वत त्याच्या माथ्यावरून निवडलात असं पत्रावरून दिसतं. एकदा एखादा पर्वत त्याच्या जंगलासाठी निवडा, किंवा एखाद्या नदीच्या उगमासाठी, किंवा बरोबर चालणाऱ्या माणसांसाठी. आणि या काळात मांड्यांची ताकद वाढवा, वजन घेऊन पायऱ्या उतरायचा सराव करा. गुडघे चढताना सहसा दगा देत नाहीत, उतरताना देतात. शिवाय पन्नाशीच्या बाईच्या हाडांना वजन उचलण्याची गरज असतेच.

राहिली लेक. तिला न्या, जरूर न्या. तुम्ही जाता त्या ठिकाणी तुमचं काय होतं हे तिला प्रत्यक्ष पाहायचं असेल. शिखराशी तिला फारसं घेणंदेणं नसावं. २,५०० मीटरच्या आतला, एका दिवसात होण्यासारखा डोंगर निवडा, म्हणजे विरळ हवेची काळजीच नको. तिला पुढे चालू द्या आणि वेग तिलाच ठरवू द्या. वाटेत तिला शिकवत बसू नका, ती विचारेल तेवढंच सांगा. निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा, दुपारचे बारा म्हणा किंवा एक. ती वेळ झाली की कुठेही असलात, माथा समोर दिसत असला तरी, मागे वळायचं. आणि घड्याळ लेकीच्या हातात द्या.